करंजघाटची दवंडी

करंजघाट, १४ एप्रिल १९५८

मुखरू,

सवयीनं 'सविनय सादर' लिहून टाकलं होतं, तो कागद फाडून हा दुसरा घेतला. तुले कायचं सविनय? चौथीपर्यंत एका पाटीवर लिहिलं आपण. अर्धी तुयी, अर्धी मायी, मंधात पेन्सिलीची रेघ, अन् ती रेघ तू रोज बोटभर माया अंगाले सरकवत होता. पटवारी मी झालो, पण दुसऱ्याची जागा दाबायची अक्कल तुयी होती.

तू घुग्घुसच्या खाणीत आहे, हे गोंडपिपरीच्या बाजारात समजलं. पत्ता मागून घेतला अन् महिनाभर खिशात घेऊन फिरलो. कुंता वैतागली. म्हणे, "लिहायचं तं लिहा, नाईतं चुलीत घाला. धुवायच्या सदऱ्यात किती डाव सापडावा तो कागद." मायी बायको आहे तशीच आहे.

कामाचं सांगतो. नदीकाठच्या गावायसाठी सरकारनं पुराचा बंदोबस्त काढला आहे. वरच्या अंगाले पाणी वाढलं का ठाण्यात तार येईन. ठाण्यातून शिपाई सायकलवर गावात येईन. घाटावर लाल-पांढऱ्या पट्ट्यायचा खांब राहीन. लाल पट्ट्याले पाणी लागलं का इस्तारी कोतवाल दवंडी देईन अन् लोकायनं टेकडीवरच्या शाळेत जायचं. तिथी तांदूळ, मीठ, राकेल आधीच ठेवून राहीन. नवे तहसीलदार तरणे आहेत, सायकलवर फिरते, खाली बसून लोकायचं ऐकते. त्यायनं दर गावातून नदी जाणणारा एक माणूस मागतला आहे. डोंगे त्याच्या ताब्यात, समितीत त्याचा शब्द पहिला.

म्या तुयं नाव लिहून दिलं. न विचारता दिलं, रागावू नको. तुयासारखी वैनगंगा कोणाले माईत आहे? पाण्यात नुसता पाय घालून तू सांगे, वर पाऊस पडला का नाई पडला ते. मिरगापर्यंत माणूस हजर पाहिजे, नाईतं साहेब बाहेरचा कोणी पाठवतीन.

झालं गेलं लोक विसरले. लटारूभाऊची गोठ आता कोणी काढत नाई. तू ये.

तुया,
मनसाराम


करंजघाट, ७ मे १९५८

मुखरू,

उत्तर नाई. बरं. तू पहिल्यापासून असाच. मास्तरनं छडी मारली तरी तू तोंड उघडे नाई, मले मात्र मारायच्या आधीच रडू येई.

पहिल्या पत्रात एक खोटं लिहिलं ते आधी काढून टाकतो. लोक काही विसरले नाई. तुया मोठा भाऊ लटारू पुरात गेला, अन् त्याच्यासंगं सहा माणसं गेली, ते तीन वर्षांत कोण विसरन? शकुबाई वहिनी अजून त्याच दारात बसून जाळं विणते. लटारूभाऊच्या खुंटीले त्याचं जुनं जाळं तसंच आहे. तिले कोणी काही म्हणत नाई, अन् तीही कोणाले काही म्हणत नाई.

खांब गाडला. साहेबाच्या माणसायनं घाटाच्या पायऱ्यांजवळ गाडला, दिसाले चांगला. शकुबाई घडा घेऊन आली, पाह्यलं अन् हसली. तीन वर्षांत तिले हसताना म्या पहिल्यांदा पाह्यलं. म्हणे, "पटवारीभाऊ, या खांबाले पाणी लागन तवा आपण सगळे आंध्रात पोचलेलो राहू. पाणी घाटानं येते का? पाणी मांगून नाल्यानं येते." खरंच आहे. नदी फुगली का नाल्याचं पाणी उलटं फिरते अन् ढिवरपुऱ्याच्या मांगून गावात शिरते. हे गावातल्या पोट्ट्यालेही माईत आहे, मलेही, अन् खांब गाडताना मी तिथी उभा राहून मान हलवत होतो. साहेब होते ना समोर. खांब उपटून आता नाल्याच्या तोंडाशी लावला.

पण आता जे सांगतो त्यासाठी हे पत्र आहे. परवा दवंडीची रंगीत तालीम झाली. साहेबानं आधीच सांगून ठेवलं होतं का, सोमवारी दवंडी वाजन, खरा पूर नाई, फक्त टेकडीवर येऊन दाखवायचं. इस्तारीनं डफ वाजवला, ओरडला, "सरकारी हुकूम आहे हो." साहेब घड्याळ घेऊन शाळेच्या ओट्यावर. मी बाजूले वही घेऊन. अर्धा घंटा झाला, एक घंटा झाला. शाळेत बारा माणसं आली, त्यातले पाच म्हातारे, अन् दोघं तं शाळेतच झोपलेले होते. बाकी गाव कुठी गेलं? खाली पाह्यलं तं बाया डोक्यावर गाठोडी घेऊन, माणसं बैलं हाकत, उन्हाळ्याच्या आटलेल्या पात्रातून गुडघाभर पाण्यातून चालली नदीमंधल्या बेटाकडे.

साहेब मले म्हणे, "हे लोक नदीत काऊन चालले?" ते नागपूरचे, त्यायले काय सांगू? म्हटलं, साहेब, इथी डफ वाजला का लोक बेटावर जाते.

तुले तं सांगायचं कामच नाई. आपण सात-आठ वर्षांचे होतो. देवी टोचणारा आला म्हणून डफ वाजला अन् तुया मायनं आपल्या दोघायले एका डोंग्यात टाकलं. जमीनदाराचा शिपाई बेगारीले माणसं धरायले येई तवा बेट. जंगलातली लाकडं ओढायले बैलं-बंड्या मागत तवा बेट. डफाचा आवाज म्हणजे कोणीतरी काहीतरी घेऊन जायले आलं. आपल्या आज्यापासून हेच.

अन् किती चांगले दिवस होते ते, मुखरू. लटारूभाऊ वाळूत हातानं झिरा खणे अन् आपण पालथे पडून त्यातलं गार पाणी पिऊ. मरळ भाजून तो काटे काढून मले आधी देई, तू चिडे. तीन-तीन दिवस शाळा नाई, मास्तर नाई. करंजाच्या सावलीत बुढ्या बाया गाणी म्हणत अन् पल्याडच्या काठावर शिपाई हातात काठी घेऊन येरझारा घाले, त्याले डोंगा कोणी देई नाई. मले वाटे हे बेट म्हणजे जगातली सगळ्यात पक्की जागा. मोठा होऊन पटवारी झालो, तरी मनातून वाटतच राह्यलं.

साहेबानं तालमीचा कागद गुंडाळला. म्हणे, "मनसाराम, खरा पूर आला तं हे सगळे मरतीन." त्यायले माईत नाई का एकडाव मेले आहेत. मागचे साहेब बदलून गेले, यायनं फाईल वाचली नाई, अन् वाचली तरी त्यात लिहिलं आहे नावाड्याची चूक.

लोक पांगल्यावर शकुबाई माया ओसरीवर आली. बसली नाई. म्हणे, "भाऊ, तीन वर्षांमांगं, त्या दिवशी इस्तारीनं पुराचं नाव काऊन नाई घेतलं?" म्या म्हटलं, पाहतो. काय पाहतो? ती निघून गेली.

तू ये. यंदा पाऊस मोठा सांगतला आहे.

मनसाराम


करंजघाट, २९ मे १९५८

मुखरू,

तू उत्तर देऊन राह्यला नाई ते बरोबर आहे. तुयाजागी मी असतो तं कागदच घेतला नसता.

शकुबाईनं जे विचारलं त्याचं उत्तर तुले लिहितो. तिच्या तोंडावर सांगायची छाती नाई. कुंताले काल सांगतलं. ती भाकर थापता थापता थांबली अन् तव्यावरची भाकर जळून गेली तरी हलली नाई.

त्या वर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधी, सकाळी, तहसीलीतून स्वार चिठ्ठी घेऊन आला. त्या चिठ्ठीत साफ लिहिलं होतं का वरच्या अंगाले मोठा पाऊस झाला आहे, नदीले पूर येण्याचा संभव आहे, लोकायले गुराढोरासकट उंच जागी न्यावं. अन् खाली एक ओळ होती, घबराट पसरू देऊ नये. आपल्याकडे ऊन पडलं होतं, तुले आठवत असन. धानाच्या बांधीत बाया गाणी म्हणत निंदत होत्या. म्या विचार केला, ऊन पडलेल्या दिवशी पूर येते म्हणून ओरडलो अन् नाई आला, तं उद्या माया डोक्यावर ठपका, पटवाऱ्यानं गाव घाबरवलं. म्हणून पूर हा शब्द म्या काढला. इस्तारीले लिहून दिलं, "सरकारी हुकूम. सगळ्यायनं बैलं-बंड्या घेऊन टेकडीवर हजर व्हावं." त्यानं जे सांगतलं तेच ओरडलं. त्या बिचाऱ्याची काही चूक नाई.

बैलं-बंड्या घेऊन हजर व्हा. मुखरू, हे ऐकून करंजघाटचा कोणता माणूस टेकडीवर जाईन? जमीनदारी गेली म्हणून कागदावर आलं होतं, लोकायच्या पोटातून थोडीच गेली. बेगार आली म्हणून सगळे घाटावर धावले अन् तू डोंगा काढला. तू काय वेगळं करणार होता? तुया बापानंही तेच केलं, आज्यानंही.

आता खरी गोठ. माया ओसरीवरून घाट दिसते. म्या लोक जाताना पाह्यले. तू पहिली खेप घेऊन गेला, दुसरी गेली, तिसऱ्या खेपेत लटारूभाऊ बसला, त्याच्या खांद्यावर जाळं होतं. मले माईत होतं ते काऊन चालले अन् कुठी चालले. साऱ्या गावात मीच एक होतो, ज्याले दवंडी काय आहे तेही माईत अन् बेट काय आहे तेही माईत. उठून शंभर पावलं चाललो असतो अन् हाक मारली असती, मुखरू, वापस ये, पाणी येऊन राह्यलं, तं तू वळला असता. मी नाई उठलो. वाटलं सांजपर्यंत येतीन वापस. वाटलं, बेटाले काय होते. चिठ्ठीवर 'तामील केली' लिहिलं अन् सही केली.

दुपारी पाणी आलं तवा तू एकटा पाच डाव गेला त्या धारेत. पन्नासच्या वर माणसं तू आणली. लटारूभाऊ दर खेपेले दुसऱ्याले पुढे करत राह्यला, हे बुधरी बुढीनं मले सांगतलं, तिले त्यानंच उचलून डोंग्यात बसवलं होतं. सहाव्या खेपेले बेटच दिसत नव्हतं.

अन् पंचनाम्यात म्या लिहिलं, 'नावाडी मुखरू याने सरकारी दवंडी न मानता लोकांना बेटावर नेले, सबब प्राणहानी झाली.' तुले ठाण्यात दोन दिवस बसवलं. घाट तुया हातून काढला. तू सुटून आला तवा कोणी तुयाशी बोललं नाई, अन् मी घरात लपून बसलो. कुंताले सांगतलं का मले ताप आहे. तुया पायातल्या वहाणांचा आवाज दारापुढून गेला, मले ऐकू आला.

माफ कर असं लिहायले लाज वाटते. तरी लिहितो. माफ कर.

मनसाराम


करंजघाट, १९ जून १९५८

मुखरू,

तुयं कार्ड आलं. तुयं अक्षर चौथीतलंच आहे, 'र' अजून पडतो का काय असा. तीनदा वाचलं. तू लिहिलं, 'दवंडी बंद करा. घरोघर जा, माणसाचं नाव घेऊन सांगा. पंचनाम्यात लटारूची खरी गोठ लिही. मी येत नाई.' खाली नावही टाकलं नाई.

कार्ड घेऊन मी तहसीलीत गेलो. साहेबापुढे सगळं सांगतलं, जसं तुले लिहिलं तसं. चिठ्ठी माया दप्तरात होती, ती काढून टेबलावर ठेवली. साहेब गंज वेळ वाचत बसले. मंग विचारलं, "तीन वर्षं ही चिठ्ठी जपून काऊन ठेवली?" म्या म्हटलं, माईत नाई साहेब, फाडवत नव्हती. ते म्हणे, "हा जबाब लिहून दिला तं पटवारकी जाईन." म्हटलं, लिहून द्यायलेच आलो. बापापासूनची पटवारकी, मुखरू. तरी सही केली.

नव्या जबाबात लिहिलं आहे का दवंडीच्या मजकुरात पुराचा उल्लेख पटवाऱ्यानं वगळला. नावाडी मुखरू यानं स्वतःचा जीव धोक्यात घालून पाच खेपा केल्या. लटारू यानं आपली जागा दुसऱ्यायले दिली. हे कागद जिल्ह्याले गेले. मी सध्या कामावरून बाजूले आहे, चौकशी चालू.

शकुबाईले मी घरी जाऊन सांगतलं. ती जाळं विणतच राह्यली. शेवटी म्हणे, "मुखरूले मीच म्हटलं होतं, आमाले बेटावर सोड म्हणून. मायं नाव बी लिहा तिथी." अन् मंग म्हणे, "आता घरी जा भाऊ." शिवी दिली असती तं बरं वाटलं असतं.

तुया कार्डाचं साहेबानं काय केलं ते ऐक. समिती बसवली, तुयं कार्ड मोठ्यानं वाचून दाखवलं. डफ बंद. समितीतल्या दर माणसाकडे दहा घरं. पाणी नाल्याच्या खांबाले लागलं का त्यानं त्या दहा घरी जायचं, कर्त्या माणसाचं नाव घ्यायचं, पाणी कुठवर आलं ते सांगायचं, अन् तो घरातून निघेपर्यंत तिथून हलायचं नाई. इस्तारीले भलतंच बरं वाटलं. म्हणे, "डफ वाजवला का लोक मले शिव्याच देत." घरायची यादी मलेच करायले सांगतली, कारण गाव मले पाठ आहे. शेवटचं सरकारी काम म्हणून केली. तुया नावासमोर दहा घरं लिहिली होती, ती समितीनं इस्तारीकडे द्यायचं म्हटलं. शकुबाई म्हणे, राहू द्या, तवरक मी करीन.

मनसाराम


करंजघाट, २ सप्टेंबर १९५८

मुखरू,

तू आला अन् गेला. घुग्घुसले वर्धा फुगलेली पाहून तू ट्रकवर बसला, गोंडपिपरीहून चिखलात पायी आला, हे मले इस्तारीकडून समजलं. तुयाकडून काहीच समजलं नाई. म्हणून त्या दिवशी मायाकडे काय झालं ते लिहितो. तुले ते माईत नाई.

दुपारी तार आली. शिपाई सायकल खांद्यावर घेऊन चिखलातून आला. समिती निघाली. मी ओसरीवर उभा होतो, त्याच ओसरीवर. समोरच्या दारात समितीतला झिंगू गेला, नाव घेतलं, घर निघालं. बाजूच्या दारात शकुबाई गेली. "दसरूभाऊ, नाल्याच्या खांबाले पाणी लागलं, म्हाताऱ्याले घ्या अन् चला." लोक निघाले, मुखरू. बैलं घेऊन, कोंबड्या घेऊन, टेकडीकडे. एकही माणूस घाटाकडे गेला नाई. आपल्या गावात असं मी जन्मात पाह्यलं नव्हतं.

माया दारी कोणी आलं नाई. पहिले वाटलं येतीन. मंग समजलं. यादी म्याच केली होती अन् त्यात मायं घर लिहिलंच नाई. पटवारी गावाची यादी करते, त्यात स्वतःले कधी धरत नाई, बापानंही धरलं नाई. कुंता गाठोडं बांधून दारात उभी. म्हणे, "चला ना, कोणाची वाट पाहून राह्यले?" मी तिले म्हटलं तू जा. ती गेली नाई. मले वरती जायची लाजच वाटत होती. सगळ्यायले कोणीतरी नाव घेऊन बोलावलं होतं. ज्यानं एकडाव हाक मारली नाई, त्यानं कोणत्या तोंडानं बिनहाकेचं जाऊन त्यायच्यात बसावं? मनात आलं, हेच बरोबर आहे. पाणी अंगणात आलं. तुळशीच्या ओट्याले लागलं.

तवा तू आला. कमरेपर्यंत भिजलेला, डोक्याले टॉवेल, दाढी पांढरी झालेली. म्या तुले ओळखलं नाई आधी. तू अंगणात उभा राह्यला. मायाकडे पाह्यलं. अन् म्हटलं, "मनसाराम, पाणी आलं. कुंताबाईले घे अन् चल."

अन् तू हलला नाई. म्या पायात वहाणा घालीपर्यंत, कुंतानं देव गाठोड्यात ठेवीपर्यंत, दार लावीपर्यंत तू तिथी पाण्यात उभा होता.

टेकडीवर तू आमच्याकडे पाठ करून बसला. शकुबाईनं भाकर दिली ती खाल्ली. दोन रोज पाणी राह्यलं. सात घरं पडली, माणूस एक गेला नाई. तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले, डोकी मोजली, वहीत लिहिलं, दोनशे एकवीस पैकी दोनशे एकवीस. तवरक तू निघून गेला होता. त्या हाकेनंतर मायाशी एक शब्द बोलला नाई. बरोबर केलं. मी काही मागत नाई.

काल समितीनं यादी पुन्हा लिहिली. यावेळी इस्तारीनं लिहिली, मी नुसता बसलो होतो. शकुबाई म्हणे, मुखरूची दहा घरं मुखरूचीच राहतीन, तो येवो न येवो. इस्तारीनं दहा नावं लिहिली. मंग त्यानं कोणाले न विचारता खाली अकरावं नाव टाकलं, मायं.

मनसाराम